रक्ताचा ताळेबंद
(रुग्णालयाच्या वर्धापन दिनाच्या सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत एखादे तज्ज्ञ डॉक्टर वैद्यकीय विषयावर बोलतात आणि त्यानंतर मी जमाखर्च वाचून दाखवतो. यंदा विश्वस्तांनी ही दोन्ही कामे माझ्याकडे सोपवली आहेत. त्याला कारण आहे. येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात डॉक्टरांनी दोन मागण्या केल्या आहेत. एक, रक्त गोठण्याच्या चाचण्यांच्या आवर्ती खर्चासाठी स्वतंत्र तरतूद. दुसरी, शिरांच्या विकारांसाठी आठवड्यातून एक दिवस स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग. या दोन्ही बाबी वरवर पाहता तोट्याच्या आहेत. म्हणूनच त्या का स्वीकाराव्यात हे हिशेब ठेवणाऱ्यानेच सांगावे, अशी अध्यक्षांची इच्छा आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. डॉक्टरांच्या उपस्थितीत मी रक्ताविषयी बोलणे म्हणजे सूर्यापुढे काजव्याने मिरवणे होय, याची मला जाणीव आहे. तेव्हा इतक्या वर्षांच्या सहवासात जे ऐकले, विचारून समजून घेतले आणि आपल्या पॅथॉलॉजिस्ट व शल्यचिकित्सकांकडून तपासून घेतले, तेवढेच आपणांसमोर ठेवतो.

जमा आणि खर्च

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे पाच लिटर रक्त असते. या रक्ताकडून आपण दोन परस्परविरोधी अपेक्षा करतो. रक्तवाहिनीत असताना त्याने अखंड वाहावे आणि जखम झाली की तेथल्या तेथे थांबावे. दोन्हींपैकी एकाही बाबतीत कसूर झाली तर जीव धोक्यात येतो.

हे कसे साधते? जखम होताच प्रथम रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट, तेथे गोळा होऊन तात्पुरता बांध घालतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या सुमारे १.५ ते ४.५ लाख असतात. त्यानंतर रक्तद्रवातील गोठण-घटक एकामागून एक जागे होतात आणि शेवटी फायब्रिनोजेन नावाच्या विरघळलेल्या प्रथिनापासून फायब्रिनचे तंतू तयार होऊन बांध पक्का होतो. या घटकांना रोमन क्रमांक दिलेले आहेत. ते तेरापर्यंत जातात; परंतु सहावा क्रमांक रिकामा आहे. ज्याला सहावा घटक समजले गेले तो पाचव्याचेच क्रियाशील रूप निघाला, आणि नोंद रद्द झाली. हिशेबनीसाला ही गोष्ट आपलीशी वाटावी अशीच आहे.

यांतील बहुतेक घटक यकृतात तयार होतात. दोन, सात, नऊ आणि दहा या क्रमांकाच्या घटकांना कार्यक्षम होण्यासाठी के जीवनसत्त्व लागते. दुसऱ्या बाजूला अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी, प्रोटीन एस हे घटक गोठण्याला आवर घालतात आणि प्लाझ्मिन तयार झालेली गुठळी विरघळवते. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च, आणि दोहोंचा मेळ क्षणोक्षणी घातला जात असतो. हा मेळ बिघडला की रक्तस्राव तरी होतो, नाहीतर नको तेथे गुठळी तरी होते. गोठण-चाचण्या म्हणजे या ताळेबंदाची तपासणी.

वीस मिनिटांची नळी

सर्वांत स्वस्त चाचणीपासून आरंभ करतो, कारण तिच्यावर ग्रामीण भागात माणसाचा प्राण अवलंबून असतो. आपल्या महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप विशेष महत्त्वाचे मानले जातात. पैकी नाग आणि मण्यार यांचे विष मुख्यत्वे मज्जासंस्थेवर आघात करते, तर घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तातील गोठण-घटक वापरून संपवते. तिजोरी रिकामी झाल्यावर धनादेश वटत नाही, तसे या रुग्णाचे रक्त गोठत नाही.

हे ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. शिरेतून काढलेले सुमारे दोन मिलिलिटर ताजे रक्त काचेच्या नव्या, स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदा कलती करून पाहायची. रक्त अद्याप पातळ असेल तर विष रक्तात भिनले आहे असे धरून प्रतिविष सुरू केले जाते, आणि पुढे दर सहा तासांनी हीच चाचणी करून आणखी मात्रा हवी की नको ते ठरते.

यात एक बारकावा आहे. काचेच्या पृष्ठभागाचा स्पर्श झाल्यामुळे रक्त गोठू लागते. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाच्या पाण्याने धुऊन पुन्हा वापरलेली असेल, तर निरोगी माणसाचे रक्तदेखील गोठत नाही आणि चाचणी फसवते. मग ज्याला प्रतिविषाची गरज नाही त्याला ते दिले जाते. म्हणून आपल्या आकस्मिक विभागात नव्या काचेच्या नळ्यांचा साठा निराळा ठेवला जातो. भांडारातील ही कदाचित सर्वांत स्वल्प किमतीची वस्तू असेल. पण ती ऐन वेळी हाताशी नसेल तर महागडी औषधे कपाटात असूनही उपयोग नाही.

सेकंदांचा विनिमय दर

आता नेहमीच्या चाचण्यांकडे वळू. प्रोथ्रॉम्बिन टाइम, ज्याला प्रयोगशाळेत सर्वजण पी.टी. म्हणतात, ही चाचणी अमेरिकेतील डॉ. आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये सिद्ध केली. रक्तद्रवात थ्रॉम्बोप्लास्टिन हे अभिकर्मक आणि कॅल्शियम मिसळायचे आणि किती सेकंदांत गुठळी धरते ते मोजायचे. पूर्वी तंत्रज्ञ ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात नळी धरून, ती पुनःपुन्हा कलती करून, दुसऱ्या हातातील घड्याळाकडे पाहत असे. आता ते काम यंत्र करते. या चाचणीचे भावंड म्हणजे ए.पी.टी.टी. ती गोठण्याच्या दुसऱ्या मार्गाची तपासणी करते. हेपॅरिन शिरेवाटे चालू असताना मात्रा ठरवण्यासाठी आणि हिमोफिलियासारख्या जन्मजात विकाराची शंका आल्यास ती केली जाते. अशा दुर्मीळ विकारांच्या निश्चित निदानासाठी मुंबईत परळ येथे के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, हे आपल्या राज्याचे भाग्यच म्हटले पाहिजे.

पी.टी.मध्ये एक अडचण होती. थ्रॉम्बोप्लास्टिन निरनिराळे उत्पादक निरनिराळ्या पद्धतीने बनवतात आणि त्यांची संवेदनक्षमता भिन्न असते. त्यामुळे एकाच माणसाचे रक्त दोन प्रयोगशाळांत दिले तर सेकंदांचे आकडे वेगळे येत. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने यावर तोडगा स्वीकारला. प्रत्येक अभिकर्मकाला एक निर्देशांक दिला, आय.एस.आय., आणि त्यावरून काढलेल्या गुणोत्तराला आय.एन.आर. असे नाव दिले. रुग्णाच्या सेकंदांना निरोगी माणसाच्या सरासरी सेकंदांनी भागायचे आणि येणाऱ्या संख्येचा त्या निर्देशांकाइतका घात घ्यायचा. समजा भागाकार दोन आला. निर्देशांक एक असेल तर आय.एन.आर. दोन होईल, आणि निर्देशांक दोन असेल तर चार. दोन म्हणजे औषध योग्य मात्रेत चालू आहे. चार म्हणजे बहुतेक रुग्णांसाठी ते अधिक झाले आहे. सेकंद हे जर निरनिराळ्या देशांचे चलन मानले, तर आय.एन.आर. हा त्यांचा विनिमय दर आहे. आजही एखाद्या अहवालावर केवळ सेकंद लिहिलेले असतील तर तो अहवाल अपुरा समजावा.

हा हिशेब कितीही शास्त्रशुद्ध असला तरी तो सुरू होतो रक्त घेणाऱ्या भगिनीच्या हातून. निळसर बुचाच्या नळीत सायट्रेट द्रावण आधीच भरलेले असते आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण सांभाळावे लागते. नळीवरील खुणेपर्यंत रक्त भरले नाही तर गोठण्याचा काळ खोटाच वाढलेला दिसतो. अर्धी भरलेली नळी नाकारण्याचा अधिकार आपल्या तंत्रज्ञांना आहे, आणि ते तो वापरतात तेव्हा कोणी रागावू नये, अशी माझी सर्व विभागांना विनंती आहे.

याच ओघात एक काटकसरही सांगतो. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी सरसकट ब्लीडिंग टाइम आणि क्लॉटिंग टाइम करण्याची प्रथा अनेक ठिकाणी होती. शस्त्रक्रियेत रक्तस्राव होईल की नाही हे त्या आकड्यांवरून फारसे कळत नाही, असा अनुभव जगभर आला. त्यापेक्षा चार प्रश्न अधिक सांगून जातात. दात काढल्यावर रक्त फार वेळ वाहिले होते का? बाळंतपणात किंवा पाळीत अतिस्राव होतो का? घरात कोणाला असा त्रास आहे का? सध्या कोणती औषधे चालू आहेत? प्रश्न विचारायला वेळ लागतो, पैसा लागत नाही. जेथे उत्तर संशयास्पद येईल तेथे मग योग्य चाचणीवर निःसंकोच खर्च करावा.

शिरांची चढण

शुद्ध रक्त हृदयाकडून धमन्यांवाटे जाते आणि शिरांवाटे परत येते, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये सिद्ध केले. पायांतील रक्ताला परत येताना चढण चढावी लागते. त्यासाठी निसर्गाने दोन सोयी केल्या आहेत. एक, शिरांतील एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा. दुसरी, पोटरीचे स्नायू. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते आणि रक्त वर ढकलले जाते. म्हणूनच पोटरीला दुसरे हृदय म्हणतात.

झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते, शिरा फुगतात, वेड्यावाकड्या होतात. यालाच आपण व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो. सायंकाळी पाय जड होणे, घोट्याशी सूज, खाज, मग घोट्याच्या आतील बाजूची त्वचा काळवंडणे आणि अखेरीस तेथे न भरणारी जखम, असा हा क्रम असतो. आनुवंशिकता, गरोदरपण आणि लठ्ठपणा ही कारणे आहेतच. पण दीर्घकाळ उभे राहण्याच्या व्यवसायांत हा त्रास अधिक जाणवतो. शिक्षक, वाहतूक पोलीस, एस.टी.चे वाहक, केशकर्तन करणारे, आचारी, दुकानातील विक्रेते आणि आपल्या परिचारिका ही माणसे आपल्यासाठी उभी असतात.

अशा रुग्णाची पहिली तपासणी कलर डॉप्लरने होते. शिरेतील रक्त कोणत्या झडपेपाशी उलटे फिरते ते त्यात दिसते आणि उपचार त्यावर ठरतो. पाय उंचावर ठेवणे, चालणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि दाब देणारे मोजे हा पाया. जखम असेल तर थरांचे दाबाचे बँडेज. मात्र दाब देण्यापूर्वी पायातील धमन्यांचा रक्तपुरवठा तपासणे आवश्यक असते. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.८ पेक्षा कमी असेल तर घट्ट बँडेज अपायकारक ठरू शकते. मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्या रुग्णांत हे विशेष महत्त्वाचे. मधुमेहात तर हे गुणोत्तर कधी कधी फसवे चांगलेही येते, म्हणून अशा वेळी डॉक्टर अन्य तपासणीचा आधार घेतात.

बिघडलेली शीर बंद करणे हा पुढचा टप्पा. जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९० च्या सुमारास मांडीतील मुख्य शीर बांधण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. शतकभर तिच्याच सुधारलेल्या आवृत्त्या चालल्या. गेल्या पाव शतकात लेसर आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शीर आतून बंद करण्याची पद्धत प्रचलित झाली. जागा बधिर करून हा उपचार होतो आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. लहान शिरांसाठी फेसाळ औषधाचे इंजेक्शन देतात.

येथे प्रशासकाच्या कामाचा एक आकडा सांगतो. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिरांच्या विकाराने जखम झालेल्या रुग्णांचे दोन गट केले होते. दोन्ही गटांना दाबाचे बँडेज होते. एका गटाची बिघडलेली शीर लवकर बंद केली, दुसऱ्याची जखम भरेपर्यंत थांबून. पहिल्या गटातील जखम भरण्याचा मध्यम काळ ५६ दिवस होता, दुसऱ्यातील ८२. हा २६ दिवसांचा फरक आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबात २६ दिवस म्हणजे काय, हे येथे वेगळे सांगायला नको.

गुठळी आणि तिचा प्रवास

वरच्या शिरा डोळ्यांना दिसतात. खरा धोका दिसत नाही अशा खोल शिरांत असतो. तेथे गुठळी झाली तर त्या विकाराला डी.व्ही.टी. म्हणतात. ती सुटून फुप्फुसात गेली तर काही मिनिटांतही मृत्यू ओढवू शकतो. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या विषयाचा पाया घातला. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी तीन कारणे आजही शिकवली जातात : रक्तप्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेली आजी, नुकतीच बाळंत झालेली स्त्री, कर्करोगाचा रुग्ण, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पडून असलेला माणूस यांत ही कारणे एकत्र येतात.

एकाच पायाला अचानक सूज आणि पोटरीत दुखणे हे लक्षण दिसले तर घरची मंडळी प्रेमाने तेल लावून पाय चोळू लागतात. माझी हात जोडून विनंती आहे, असा पाय चोळू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. आणि त्यासोबत धाप लागली, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त आले तर रात्र असली तरी थांबू नका.

निदानासाठी डॉप्लर आणि डी-डायमर या दोन तपासण्या आहेत. डी-डायमर म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणारा अंश. ज्या रुग्णात शंका कमी आहे त्याचा डी-डायमर सामान्य आला तर गुठळी नाही असे बहुतांशी म्हणता येते. पण तो वाढलेला आला म्हणजे गुठळी आहेच असे नाही. गरोदरपणात, जंतुसंसर्गात, शस्त्रक्रियेनंतर, वाढत्या वयात तो वाढलेला असतो. नाकारण्यासाठी उपयोगी आणि सिद्ध करण्यासाठी अपुरी, अशी ही साक्ष आहे.

गवतातून आलेले औषध

सुश्रुतसंहितेत जळवा लावण्याच्या विधीला स्वतंत्र अध्याय आहे. जळवेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते हे १८८४ मध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी दाखवले. पुढे १९१६ मध्ये अमेरिकेत जे मॅकलीन या विद्यार्थ्याच्या संशोधनातून हेपॅरिनकडे जाणारी वाट उघडली. पण तोंडाने घेण्याचे औषध आले ते गाईंच्या रोगातून. १९२० च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशांत गुरे रक्तस्रावाने मरू लागली. स्वीट क्लोव्हर नावाचा कुजलेला चारा हे त्याचे कारण आहे, असे फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्यांनी दाखवून दिले. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा डबा आणि चारा घेऊन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. त्या शोधातून डायकुमारॉल आणि पुढे वॉरफरिन निर्माण झाले. १९४८ मध्ये वॉरफरिन बाजारात आले ते उंदीर मारण्याचे औषध म्हणून! माणसांसाठी त्याला १९५४ मध्ये मान्यता मिळाली आणि १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते देण्यात आले.

जे उंदराला मारते तेच माणसाला तारते. फरक मात्रेचा आहे, आणि मात्रा कळते आय.एन.आर.वरून. खोल शिरेतील गुठळीसाठी तो बहुधा दोन ते तीन यांच्या दरम्यान ठेवतात. हृदयात मिट्रल जागी कृत्रिम धातूची झडप असेल तर अडीच ते साडेतीन. दोनच्या खाली गेला की गुठळीचे भय, फार वर गेला की रक्तस्रावाचे. आपल्याकडे वॉरफरिनबरोबर असेनोकुमारॉलही पुष्कळ वापरले जाते, नियम तोच.

हा आकडा स्वयंपाकघरातही हलतो. के जीवनसत्त्व पालक, मेथी, कोथिंबीर, अळू अशा हिरव्या पाल्यात भरपूर असते. भाजीवाल्याकडे मेथी स्वस्त झाली आणि रोज होऊ लागली तर आय.एन.आर. खाली येतो; चातुर्मासात उपवास वाढून जेवण घटले तर तो वर जातो. पालेभाजी सोडावी असा याचा अर्थ नाही, ती एकसारख्या प्रमाणात खावी. उपवास करायचे असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे. वेदनाशामक गोळ्या, काही प्रतिजैविके, घटक माहीत नसलेली चूर्णे ही विचारल्याशिवाय घेऊ नयेत, आणि दात काढायला जाताना हे औषध चालू आहे हे दंतवैद्यांना प्रथम सांगावे. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

येथे एक विश्वस्त मला विचारतील, आणि त्यांनी विचारलेही : आता वारंवार चाचणी न लागणारी नवी औषधे आली आहेत, मग आय.एन.आर.वर खर्च कशाला? रिव्हारोक्साबान, अपिक्साबान, डॅबिगाट्रान ही ती औषधे. शिरेतील गुठळीच्या पुष्कळ रुग्णांसाठी ती सोयीची आहेत आणि आपले डॉक्टर ती देतातही. परंतु धातूची झडप बसवलेल्या रुग्णांना ती चालत नाहीत. संधिवाती तापाने झडप खराब होऊन हृदयाचे ठोके अनियमित झालेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर अनेक देशांत झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जुन्याच औषधाच्या गटात मृत्यू कमी झाले. संधिवाती हृदयविकार हा गरिबीचा, दाटीवाटीच्या वस्तीचा आजार आहे. तेव्हा ज्यांना आय.एन.आर.वाचून गत्यंतर नाही, ती बहुतांशी तीच माणसे आहेत ज्यांच्यासाठी हा न्यास स्थापन झाला.

कोणत्या खात्यात जमा?

आता माझ्या अधिकाराच्या विषयाकडे येतो. गोळी स्वस्त आहे. महाग आहे ते मोजणे, कारण ते पुनःपुन्हा करावे लागते : प्रारंभी दर काही दिवसांनी, बस्तान बसल्यावर साधारणपणे महिन्यातून एकदा, आणि झडपेच्या रुग्णाला आयुष्यभर. रुग्णाच्या वहीत पाहिले तर आमच्या शुल्कापेक्षा एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी हाच मोठा खर्च असतो. म्हणून तो एक महिना टाळतो, मग दुसरा. आणि मग एके दिवशी पक्षाघात होऊन, नाहीतर रक्ताची उलटी होऊन येतो.

शासनाच्या आरोग्य योजना आणि विमा प्रामुख्याने दाखल झालेल्या रुग्णाभोवती आखलेले आहेत. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ मधील आदेशाने लागू झालेल्या योजनेत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव आहेत, तसेच देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. ही व्यवस्था मोलाची आहे आणि आपण ती पाळतो. पण आय.एन.आर.चा रुग्ण खाटेवर नसतो. तो चालत येतो आणि चालत जातो. त्याने खाटेपर्यंत पोहोचू नये, यासाठीच तर चाचणी असते.

देणगीदारांचे आम्ही ऋणी आहोत. या वास्तूतील बरीच यंत्रे आपल्या औदार्याने आली आणि त्यांवर आपल्या प्रियजनांची नावे आहेत. परंतु यंत्राला रोज अभिकर्मक लागतो. तो दोन ते आठ अंशांच्या शीतकपाटात ठेवावा लागतो, आणि एकदा कुपी तयार केली की मर्यादित काळातच वापरावी लागते. त्या दिवशी तीनच रुग्ण आले तर उरलेले फेकावे लागते. शिवाय नियंत्रण-नमुने, सायट्रेटच्या नळ्या, यंत्राची वार्षिक देखभाल आणि तंत्रज्ञाचे वेतन. यांपैकी कशावरही नामफलक लावता येत नाही. दाबाच्या मोज्यांचेही तसेच : ते सुमारे सहा महिन्यांत सैल पडतात आणि पुन्हा घ्यावे लागतात. मोजे परवडत नाहीत म्हणून भरलेली जखम पुन्हा उघडते.

यावर आमचे म्हणणे असे आहे. नवे मोठे यंत्र आम्ही मागत नाही; आपल्या कामाला आहे ते अर्धस्वयंचलित यंत्र पुरेसे आहे. आठवडे बाजाराचा दिवस आय.एन.आर.चा दिवस ठरवावा. गावोगावचे लोक त्या दिवशी येतातच. त्यांचे वेगळे भाडे वाचेल, एकत्र नमुने आल्याने अभिकर्मक वाया जाणार नाही. अहवाल त्याच दिवशी मिळावा आणि पुढील मात्रा किती मिलिग्रॅम, म्हणजे किती गोळ्या, हे रुग्णाच्या खिशात मावेल अशा वहीत ठळक मराठी अंकांत लिहून द्यावे. जो ठरल्या दिवशी आला नाही त्याला दूरध्वनी करण्याची जबाबदारी एका परिचारिकेवर नेमून द्यावी. शिरांचा बाह्यरुग्ण विभागही त्याच दिवशी चालावा, कारण डॉप्लर, मोज्यांचे माप आणि बँडेज एकाच फेरीत होईल. फिर्खो यांचा १३ ऑक्टोबर हा जन्मदिवस जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी उभ्याने काम करणाऱ्यांसाठी शिबिर घ्यावे. ज्यांना शक्य आहे त्यांनी पूर्ण शुल्क द्यावे, ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी आवर्ती खर्चाचा स्वतंत्र निधी असावा.

लेखापरीक्षक मला विचारतील की या विभागात दरवर्षी तूट का. त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि मी तूट लपवणार नाही. पण जो पक्षाघात झाला नाही, जी जखम उघडली नाही, जी बाळंतीण दगावली नाही, तिची जमा दाखवण्यासाठी हिशेबाच्या कोणत्याही नमुन्यात रकाना नाही. तो रकाना विश्वस्तांच्या मनात असावा लागतो. न्यास आणि व्यापारी पेढी यांत मला दिसलेला भेद एवढाच आहे.

तेव्हा विश्वस्त मंडळाने या दोन्ही तरतुदी मंजूर कराव्यात अशी मी नम्र शिफारस करतो. देणगीदारांना माझी विनंती आहे की, यंदा एखाद्या वस्तूऐवजी एका रुग्णाच्या वर्षभराच्या चाचण्यांचा किंवा दोन जोड मोज्यांचा भार उचलावा. त्याची पावती रीतसर मिळेल आणि पुढील अहवालात किती रुग्णांना किती वेळा त्याचा लाभ झाला, किती जण मध्येच यायचे थांबले, हे दोन्ही आकडे छापण्याची हमी मी देतो.

आता नेहमीप्रमाणे वर्षाचा जमाखर्च सादर करतो.